नोंदवही अकरापासून

स्मरणिकेत मला एक पान दिलंय.
पंच्याहत्तर वर्षं, एक पान,
त्यातही खाली कोपऱ्यात बिसेन टेन्ट हाऊसची जाहिरात.

नोंदवही उघडली तर ती सुरूच होते अकरापासून.
एक ते दहा वाळवीच्या पोटात.
बाप्तिस्मा क्रमांक अकरा : दयामणी,
बाप जोहन उईके, गँगमन, राहणार अजनी.
पाणी घालणाऱ्याचं नाव पाण्यानंच नेलं,
सत्तावन्नच्या गळतीत.

छिंदवाड्याहून छोट्या गाडीनं उतरली मंडळी,
पदराला कुटकी, टोपलीत एक कोंबडी,
ती सौंसरपासून ओरडत आलेली.
मिशनचे साहेब सातपुड्यातच राहिले,
इथं कुणी काही बांधून दिलं नाही.
मालधक्क्यावरच्या संत्र्यांच्या पेट्या मोडून
जोहननं पहिलं मेज ठोकलं.
वर कितीही पांढरी चादर घाला,
प्रभुभोजनाची भाकर तोडली
की संत्र्याचा वास यायचा.
हे वहीत नाही. पर्सिसबाईंनी सांगितलं,
जायच्या दोन दिवस आधी,
आणि लगेच विचारलं, "डाळ चढवली का वं?"

घंटा नव्हती. रुळाचा तुकडा होता,
हातभर, कडुनिंबाला तारेनं टांगलेला,
बोल्टनं बडवायचा.
रेल्वेनं विचारणा केली : सरकारी माल इथं कसा?
पाळक शालमोन हिवाळ्यांनी कळवलं :
"रूळ आहे. माणसं वेळेवर पोचवण्याच्याच कामी आहे."
पत्राची कार्बन प्रत आहे.
रेल्वेचं उत्तर नाही.

मग लोकोशेडमधली तेलुगू घरं आली.
उपासना तीन भाषांत, म्हणजे तिप्पट लांब.
प्रभूची प्रार्थना एकदम सुटायची
आणि आमेनला वेगवेगळी पोचायची.
आम्ही पोरं पैज लावायचो.
मराठी बहुतेक दुसरी.

चौऱ्याहत्तर, मे महिना.
सभेच्या वहीत एकच ओळ :
"चर्चा होऊन सभा संपली."
संपावर गेलेले डावीकडच्या बाकांवर,
कामावर गेलेले उजवीकडे,
मधून पाळक पेला घेऊन फिरायचे
आणि डावीकडचे तो पेला
ओठ न लावता पुढं सरकवायचे.
येसुरत्नमची नोकरी गेली, क्वार्टर गेलं.
त्याची बायको सुगुणम्मा तीन लेकरं घेऊन
झग्यांच्या खोलीत राहिली सात महिने,
पाळकाच्या पांढऱ्या झग्याशेजारी
तिची ओली लुगडी वाळत.
दर शनिवारी रात्री दाराशी कुणीतरी
तांदळाचं गाठोडं ठेवून जायचं.

माझे वडील उजवीकडे बसायचे.

हे गाठोडं त्यांचं असावं
असं मला फार वर्षं वाटत आलंय.
पान लिहिताना आईला विचारलं.
ती भिंतीकडे बघत म्हणाली,
"आपल्याच घरात कुठं होता तांदूळ तेव्हा?
आपण ज्वारी खाऊन राहिलो होतो ना बाप्पा."
मी ते वाक्य खोडलं.
मग त्यांचं नाव लिहिलं, उजव्या बाकासकट.
मग पेन ठेवून चहा केला.

बाकीचं सोपं आहे :
छताला स्लॅब, पाळकांची यादी, देणगीदार,
शब्बाथशाळेचे पंखे.
रस्ता रुंद झाला तेव्हा कडुनिंब गेला.
आता पितळी घंटा आहे, दोरी नायलॉनची.
रुळाचा तुकडा जिन्याखाली पडून असतो,
नाताळात मांडवाचा खांब उडू नये म्हणून
त्याला बाहेर काढतात.
मागल्या वर्षी बिसेनच्या पोरानं चुकून
सब्बल त्यावर टाकली,
तर क्रमांक अकरा, दयामणी, वय पंच्याहत्तर,
खुर्चीतून अर्धी उठली
आणि पदर सारखा करू लागली.

पान छापखान्यात गेलं.
संध्याकाळी फोन :
"मॅडम, सुरुवातीला एक ते दहा आकडे आहेत,
पुढं नावंच नाहीत. मजकूर सुटला का?"
नाही, म्हटलं, तसंच राहू द्या.
तो थोडा थांबला.
"बरीच जागा जाऊन राहिली, मॅडम.
मग जाहिरात वर घेऊ का?"